पॅनेलवरचा झेंडू

पिंपरी पेंढारच्या हौशीरामाला कुणी बसलेला बघितला असेल, तर तो फक्त स्टेअरिंगमागं. एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर, आणि एरवी गडी कायम उभा. पंगतीत मठ्ठा यायच्या आत हा हात धुवायला उठणार, सोयरिकीच्या बैठकीत सुपारी फुटायच्या आत चपला शोधणार. "तुमच्या आईनं पायाला भिंगरी बांधूनच जल्माला घातलंय तुमाला," असं त्याची बायको चिमाबाई म्हणायची. खोटं नव्हतं तिचं.

रिटायर झाला आणि घरादाराच्या डोक्याला ताप झाला. दिवसातून चारदा विहिरीवर, सहादा फाट्यावर. झोपेतसुद्धा उजवा पाय ब्रेक दाबायचा. शेवटी त्यानं एका शाळेची जुनी मिनी बस घेतली. मागच्या सीटा काढून पलंग टाकला, पंखा लावला, दिवा लावला, आणि या सगळ्यासाठी पलंगाखाली एक वेगळी बॅटरी बसवली. ती भरायला घडीचं सोलर पॅनेल आणलं. उन्हात मांडायचं, वायर जोडायची, काम झालं की मिटून ठेवायचं. आयुष्यभर साऱ्या दुनियेला फिरवलं आणि घरची बाई मात्र चुलीपुढंच राहिली, ही बोच होती त्याला. कधी बोलून दाखवली नाही, पण होती.

अडचण एकच, पण मोठी. चिमाबाईला दमा. दिवसातून तीनदा मास्क लावून मशीनची वाफ घ्यायची, आणि मशीनला वीज पाहिजे. इंजिन चालू ठेवून बॅटरी भरावी, तर धुरानं तिचा जीव कासावीस. थोरला मुलगा भरत वैतागला. "आण्णा, रानात आईला धाप लागली तर काय करशीला? इका ती गाडी." अवसरी बुद्रुकचा गोकुळ भाजीच्या धंद्याला गाडी घ्यायला तयारच होता.

मग चिमाबाईनंच तोडगा काढला. "ओझरला जाऊ. धरणाच्या पाण्याकडंला तीन दिस राहू. इंजिनाचा धूर न्हाई, कुणाच्या घरची वीज न्हाई. माझं मशीन उन्हावर चाललं तर तुमी न्ह्याल तिकडं येते. न्हाई चाललं तर गाडी गोकुळची."

घरून भरून आणलेल्या बॅटरीवर दोन दिवस निघाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन घरघरलं, अडखळलं आणि अर्ध्या वाफेतच गप्प झालं. चिमाबाईनं मास्क काढून मांडीवर ठेवला. तिचा श्वास बारीक वाजत होता.

पुढची वाफ दुपारी तीनला, आणि तीन दिवस संपतात म्हणून चारला गोकुळ गाडी न्यायला येणार. हौशीरामानं पॅनेल पूर्वेला फिरवलं, पुन्हा दक्षिणेला फिरवलं. खाली दगड लावला, काढला, दुसरा लावला. वायर उपटून परत खोचली. काच धोतराच्या सोग्यानं पुसली. दर दोन मिनिटांनी पुढं वाकून वायरीवरच्या डबीतला दिवा बघायचा. हिरवा लागला म्हणजे बॅटरी भरतेय. तो लालच.

"दगड तापल्यात हितं उन्हानं, आन ह्या भाड्याला ऊन दिसंना!" तो पॅनेलवर खेकसला.

"अहो," बाभळीखाली खुर्चीत बसलेली चिमाबाई म्हणाली, "आधी त्यो हार काढा."

हार म्हणजे झेंडूचा, मनगटाएवढा जाड. चौतीस वर्षांत हौशीरामानं हार घातल्याशिवाय गाडी हलवली नव्हती. एकदाच राहिला, आणि त्याच दिवशी आळेफाट्याच्या अलीकडं बिनदिव्याचा ट्रॅक्टर अंगावर आला. डाव्या गुडघ्यात डॉक्टरांनी सळई बसवली ती अजून आहे. म्हणून इथंही रोज सकाळी विघ्नहर गणपतीच्या देवळापुढून ताजा हार आणून तो पॅनेलवर आडवा बांधत होता. अगदी मधोमध, शोभून दिसेल असा.

"हार काढायचा न्हाई," तो म्हणाला. "इघ्नहराच्या दारात येऊन हार काढू व्हय?"

"गाडीच्या तोंडाला हार शोभतोय. ह्याचं तर तोंडच ऊन खातंय. मास्क काढून माझ्या तोंडाला झेंडू बांधला, तर जगंन का मी?"

हौशीरामानं देवळाच्या दिशेनं हात जोडले. मग गाठ सोडली. हार कुठं ठेवावा ते सुचेना. गाडीला एक फेरी मारून शेवटी त्यानं तो बायकोच्या मांडीवर आणून ठेवला.

"हिरवा लागला!" चिमाबाई ओरडली.

हा धावतच गेला. वाकून बघतो तर लाल.

"चेष्टा करतीस?"

"तुमी हिकडं या बरं. आता बघा. हिरवा."

पुन्हा गेला, पुन्हा लाल. "मला वळखतंय का काय हे?"

चिमाबाई हसता हसता खोकायला लागली. "अहो, तुमची सावली पडतीया त्याच्यावर! तीन दिस झालं, हार न्हायतर तुमी, कायतरी एक हायेच उन्हाच्या आडवं. बसा हितं गुमान."

"किती येळ?"

"तीन वाजंपतूर."

जिवावर आलं त्याच्या. तरी बसला. पाच मिनिटांनी उठला, तिनं डोळे वटारले, पुन्हा बसला. उजवा पाय मातीत ब्रेक दाबतच होता. चिमाबाईनं त्याच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "थंडीत दुखतो का वो अजून?" त्याला आठवेना, हे तिनं आधी कधी विचारलं होतं का. विचारलंही असेल, पण उत्तर द्यायला तो थांबला कुठं होता?

"दुखतो," तो म्हणाला. मग सळईचं, दवाखान्याचं, तेव्हा वाटलेल्या भीतीचं, सगळं बोलत बसला. हिरवा दिवा बघायला मान वर करायचा, पण जागचा हलला नाही.

तीनला मशीन लावलं. घरघर सुरू झाली आणि त्यानं श्वास रोखून धरला. मशीन थांबलं नाही. औषध संपेपर्यंत चाललं. मास्क काढला तेव्हा तिची छाती वाजत नव्हती.

चारला गोकुळ आला. गाडीभोवती फिरला, टायरवर लाथ मारून बघितली. "काय मावशी, ठरलं ना मग?"

"न्हाई रं भाऊ," चिमाबाई म्हणाली. हौशीराम तिच्या शेजारी खाली मातीत मांडी घालून बसला होता. "गाडी नेलीस तर हे परत उठत्याल. लग्नाच्या चाळीस वर्सांनी बसल्यात, राव."