दोन पाम्पलेट

पत्रक लिहायला मला अर्धा तास पुरतो. मथळा ठोकायचा, खाली चार सवाल, शेवटी जाब. चळवळीत हेच शिकलो आणि ते मला जमतं. मेडशीचं पत्रकही जमलं होतं. लाज त्याचीच वाटते.

मेडशीला बस स्टँडमागे एका ताईंचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तीन मशिनी, ताई आणि शेजारच्या दोघी बाया. शाळांच्या गणवेशाचं कंत्राट वाशिमच्या एका ठेकेदाराचं. त्यानं ते मालेगावच्या एकाला दिलं, मालेगाववाला कापड कापून शिलाईला इथं आणून टाकायचा. शर्ट या बायांनी शिवायचे आणि कॉलरीमागे लेबल लावायचं ठेकेदाराचं. हे ऐकून मी तापलो आणि वही घेऊन मेडशी गाठली.

पाम्पलेट काढायचं आहे म्हटल्यावर ताईंचा चेहरा एकदम खुलला. काहून खुलला, ते मी विचारलं नाही. कापड कुठून येतं, किती हातांतून जातं, सगळं त्यांनी न लपवता सांगितलं. मग एक शर्ट उलटा करून कॉलर दाखवली. आतून दोनदा टीप मारतात, म्हणून धुतल्यावरही टोक वळत नाही.

"हे लिहा बरं भाऊ. कॉलर आमची हाय म्हनून लिहा."

मी मान हलवली. वहीत कॉलर घेतलीच नाही. कॉलरीत अन्याय कुठं होता?

मथळा दिला, 'पोटकंत्राट की पोटावर पाय?' खाली, 'मेडशीच्या शोषित भगिनी जाब विचारत आहेत.' त्या काहीच विचारत नव्हत्या. मालेगावात वाटलं, पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत वाटलं, शाबासकी घेतली.

आठवडाभरात मालेगाववाल्याची गाडी आली आणि कापलेलं कापड, अर्धे शिवलेले शर्ट, सगळं भरून घेऊन गेली. कंत्राट ठेकेदाराकडेच राहिलं. शिलाई मात्र जिल्ह्याबाहेरच्या कारखान्यात गेली, तिथं वही घेऊन कोणी जात नाही. माझ्या चार सवालांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. शेजारच्या दोघी वावरात मजुरीला जाऊ लागल्या.

मी परत गेलो तेव्हा दोन मशिनींवर चादर होती. हा ठेकेदाराचा डाव आहे, आपण लढू, असं भाषण मी बसमध्येच तयार केलं होतं. ताईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मले वाटलं, तुमी दुसरं पाम्पलेट काढून राह्यले," त्या म्हणाल्या. "किरानावाल्यानं नवं दुकान टाकलं तवा वाटलं होतं ना, तसं."

पाम्पलेट म्हणजे जाब, हे फक्त आमच्या बैठकीत. बाकी सगळ्या तालुक्यात पाम्पलेट म्हणजे दुकानाची जाहिरात. ठेकेदाराला शिव्या देऊन त्यांना काय करायचं होतं? मधल्या दोघांना सोडून पोरांच्या आईबापांनी कापड सरळ आपल्याकडे टाकावं, एवढंच हवं होतं. मी गळा काढून जे मागत होतो, त्याचा रस्ता त्यांना ठाऊक होता. त्यांनी शर्ट उलटा करून तो दाखवलाही होता.

गावात आता आपल्याला 'शोषितबाई' म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. कोणी तरी विचारलं म्हणे, शोषितबाई, पॅन्टची चेन बसवता का? सांगताना त्या हसल्या. मला खाली बघावं लागलं.

"लढा मंग कधीही लढा. आधी आमचं पाम्पलेट काढा."

तिथंच बसून लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत हात सवयीनं 'शोषित' लिहून गेला. ताईंनी त्यावर बोट ठेवलं.

"हे काढा. शोषित बाईकडं कापड कोन टाकन, भाऊ?"

मग त्यांनी सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. शाळेचे ड्रेस मापानं शिवून मिळतील. कॉलर वळणार नाही. बस स्टँडमागे, मेडशी. मी शेवटी उद्गारचिन्ह टाकलं होतं, तेही त्यांनी खोडायला लावलं.

ते शाळेच्या फाटकाशी वाटलं. सुटे सुटे ड्रेस येतात. दुसरी मशीन अधूनमधून चालते, एक बाई परत आली आहे. तिसरीवर चादर आहे.

परवा आमच्या शिबिरात एका सहकाऱ्यानं नव्या पोरांना नमुना म्हणून पत्रक वाचून दाखवलं, ते माझं पहिलंच. 'पोटावर पाय'ला टाळ्या पडल्या. मी समोरच बसलो होतो. उठून सांगायला हवं होतं, उठलो नाही.