दगडासकट

गोजरबाईच्या हाताला यश होतं, आणि ते ती साऱ्या वारूळवाडीला ऐकवायची. नर्सरीत तीस वर्षं टोमॅटोची रोपं काढली, पण बी रुजलं नाही असं कधी झालं नाही. म्हणून नारायणगावच्या बाजारपेठेत राहणाऱ्या सुमतीबाईंची नात रिद्धी वॉलफ्लॉवर नावाच्या वासाच्या फुलाचं बी घेऊन आली, तेव्हा गोजरबाईनं पाकीट फोडून थेट ट्रे भरायला घेतले.

"मावशी, मागं लिहिलंय ते वाचून दाखवू?"

"वाचायचं काय त्यात? बी ते बी! दिवाळीला फुलं देते, जा, सांग आजीला."

सुमतीबाईंची नजर गेली होती. आता फुलाचा वास तेवढा उरला होता. पण तोडलेलं फूल त्या हातात धरत नसत. झाडाला इजा नको, हा त्यांचा जैन घरातला लहानपणापासूनचा नेम. ओट्यावर बसल्याजागी वास येईल असं जितं झाड त्यांना हवं होतं, बस्स.

रोपं अशी तरारली म्हणता! गोजरबाईनं टोमॅटोसारखेच लाड केले. खत काय, ठिबक काय, शेडनेटची सावली काय! पानंच पानं, कळीचा पत्ता नाही. दिवाळी आली नि गेली. तिनं चिडून रोपं मागच्या पडक्या भिंतीवर भिरकावली. त्यानंतर सुमतीबाईंचं दार टाळून ती लांबच्या वळशानं बाजाराला जाऊ लागली. शब्द खोटा पडला, हे तिला फार लागलं होतं.

माघात भिंतीकडं गवत कापताना गोड, लवंगेसारखा वास आला. बघते तर दगडाच्या खोबणीत एक रोप जगलेलं, पिवळ्या फुलांनी भरलेलं! ना खत, ना पाणी. नुसता जुना चुना आणि थंडी.

"अगं बया! तुला उपाशी ठेवायचं व्हतं व्हय!"

उपटलं तर मरेल, तोडलं तर सुमतीबाई शिवणार नाहीत. गोजरबाईनं पदर खोचला, पहारीनं दगडच सुटा केला आणि घमेल्यात घालून भर बाजारातून डोक्यावर नेला.

"घर बांधताय का, गोजरबाई?" चहावाल्या दादाभाऊनं हटकलं.

"व्हय, ये हात लावायला!"

सुमतीबाई ओट्यावर ठेवलेल्या दगडावर वाकल्या आणि त्यांनी छाती भरून वास घेतला. मग त्यांची बोटं पाकळ्यांवरून देठाकडं, देठावरून दगडाकडं गेली. कुठं काही तुटलेलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"दिवाळीला म्हणाली होतीस."

"कंच्या दिवाळीला, ते म्या कुठं सांगितलं व्हतं, बाई?" गोजरबाई म्हणाली, आणि डोळे पुसत हसायला लागली.