आईची केस

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी लॉच्या सीईटीचा क्लास लावला. तिथले सर एकच गोष्ट घोकून घ्यायचे, "आधी नियम दिलेला असतो, मग घटना. नियम लावा, उत्तर द्या, पुढे चला. दयामाया घरी ठेवून यायची." घरी आल्यावरही ती मला फारशी सापडत नसे.

वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना बाबा मला रोज एक केस घालायचे. शेजाऱ्यांनी आपल्या पार्किंगमध्ये स्कूटर लावली, फ्रिजमधलं श्रीखंड कुणीतरी संपवलं. "बोला, जजसाहेब!" मी निकाल द्यायचे, बाबा खदखदून हसायचे, आई पोळ्या वाढायची. बाबा दिवसभरात जे काही बोलत ते तेवढंच, आणि माझ्याशीच. ते माझ्या लक्षात आलं नाही. मी आपली खूश होते.

एकदा आई म्हणाली, "आज माझी घे."

ती पहिल्यांदाच खेळात आली म्हणून मला कोण आनंद झाला. पोळ्यांचा डबा बाजूला ठेवून ती खुर्चीत बसली. "नियम असा, की करार दोघांनी पाळायचा. एकाने मोडला तर दुसरा मोकळा. आता घटना. एक बाई रोज नवऱ्याला विचारते, आज काय झालं? तो म्हणतो, काही नाही. वर्षानुवर्षं, काही नाही. ती बाई बांधील आहे का?"

"नाही. मोकळी," मी घास चावता चावता सांगितलं. "सोपी होती गं!"

"बरोब्बर!" बाबा म्हणाले.

"चला, निकाल लागला," आई म्हणाली आणि आमटी आणायला उठली.

त्याच महिन्यात ती बिबवेवाडीला मावशीकडे राहायला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. निघताना माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "तुझ्यामुळे नाही गं जात. अभ्यास कर." अभ्यास कसला डोंबलाचा! पुस्तक उघडलं की रडू यायचं.

जेवताना केस घालणं बंद झालं. टीव्ही तेवढा चालू असायचा. एका संध्याकाळी बाबांनी तो बंद केला. स्वतःच लावलेला भात बराच वेळ चिवडत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निकालावर अपील करता येतं ना गं?"

"मुदतीत केलं तर," मी म्हटलं. क्लासची सवय, उत्तर आधी तोंडातून निघून गेलं, प्रश्न कशाचा होता ते मग कळलं.

बाबांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले.