तुरीच्या आडोशाला

लघवी दाबून बसलेल्या बाया मोबाईलवर बघायचा म्हणे काहींना शौक असतो. नातसुनेनं हे सांगितलं आणि मला गंगाखेड-परभणी एसटी आठवली. मी नवी नवरी, पुढच्या सीटवर सासरे. पाय आवळून घामाघूम झाले, पण सांगते कशाला? मोठी घरंदाज ना मी!

शेजारी विभूती लावलेली अनोळखी म्हातारी सुपारी कातरत होती. माझ्याकडे बघता बघता तिचा अडकित्ता थांबला.

"कंडक्टर, गाडी थांबीव! मला जायचंय," ती ओरडली. गाडी हसली. सोबतीला म्हणून तिनं मला ओढत तुरीत नेलं आणि पाठ करून उभी राहिली.

हलकी होऊन मी विचारलं, "तुमाला न्हाई बसायचं?"

"मला कुठं लागलीय? तुझं तोंड बघवंना, बाई."

गाडी खोळंबवली म्हणून सासरे तिच्यावर करवादले. ती निवांत सुपारी कातरत बसली. आणि मी? पुन्हा घरंदाज!