खराट्याची काठी

हदगावच्या बसस्टँडवर झाडणारी ती बाई मला रोज सकाळी दिसायची. अर्धं स्टँड झाडून झालं की दोन्ही तळवे खांबाला टेकवून कंबर हळूहळू मागं न्यायची, मग एकेक गुडघा उचलायची. कळ आली की थांबायची, दात आवळून पुन्हा सुरू. बाकावरची माणसं हसायची. मीही हसायचो.

वाकावं लागू नये म्हणून तिनं खराट्याला लांब काठी बांधली होती. एक दिवस मुकादमानं ती सोडून फेकली. "उभ्यानं झाडायलीस? कामाला आलीस का फिरायला?"

ती कडाडली, "वीस वर्सं वाकून झाडलं, तवा कुणी बघितलं न्हाई. आता सरळ उभी राहायले, तर समदे बघायले!"

मला मुकादमाचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. तरी मी बसूनच राहिलो. तिनं काठी उचलून सगळ्यांसमोर पुन्हा बांधली, गाठ दातानं आवळली आणि झाडत माझ्यापर्यंत आली. माझ्या पायाखाली मीच टाकलेली शेंगांची टरफलं होती.

"पाय उचला, साहेब," ती म्हणाली. "एवढी कसरत तुमालाबी जमंल."