बोत्स्वानाहून थेट आखाड्यावर

बोत्स्वाना हे नाव आमच्या गावात कुणाला नीट घेता येत नव्हतं, तोवर माझं बरं चाललं होतं. मी तिकडे शाळेत भूगोल शिकवते, नवरा एका कंपनीत हिशेब बघतो, आणि गावाला एवढंच ठाऊक होतं की आप्पांची लेक ‘आफ्रिकेत’ असते. मग कोरोनाचा तो नवा व्हेरिएंट निघाला. टीव्हीवर नकाशा आला, नकाशात आम्ही राहतो तो देश लाल झाला, आणि बघता बघता पूर्णा तालुक्यातल्या आमच्या गावात पोरासोरांनाही बोत्स्वाना म्हणता यायला लागलं. भूगोलाच्या शिक्षिकेनं खरं तर खूश व्हायला हवं होतं. मी रडकुंडीला आले होते.

कारण मला घरी जायचं होतं. दुसऱ्या लाटेत माझी आई परभणीच्या दवाखान्यात वारली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तिला तिथूनच परस्पर स्मशानात नेलं. धाकट्या भावाला, रमेशला, फाटकाबाहेर उभं राहू दिलं. आप्पा स्वतः तापानं घरात पडून होते, आणि मी परदेशात, विमानं बंद. तेव्हापासून आप्पांनी शेतात पाऊल टाकलं नव्हतं. ज्या माणसाला घरात घटकाभर करमत नसे, तो दिवसच्या दिवस ओसरीत बसायला लागला. त्यात डिसेंबरात फोनवर म्हणाले, “औंदा येळवशीला मी न्हाई जाणार.” येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे अख्खं गाव शेतात जेवतं. सगळं गाव शेतात आणि आप्पा एकटे ओसरीत, हे चित्र मला सोसेना. त्यांना शेतात न्यायचं, एवढ्यासाठी मी निघाले.

निघणं सोपं नव्हतं. तिकीट दोनदा रद्द झालं. मुंबईच्या विमानतळावर आम्हा आफ्रिकेकडून आलेल्यांची रांगच वेगळी होती. नाकात काडी घातली, अहवाल येईपर्यंत बसवून ठेवलं. अहवाल चांगला आला. तरी घरी जाऊन वेगळं राहायचं, पुन्हा तपासणी करायची आणि तिचा निकाल येईपर्यंत कुणात मिसळायचं नाही, असं बजावून सोडलं. बजावणारी मुलगी अंगभर प्लास्टिक घालून घामाघूम झाली होती. तिनं माझा पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाली, “घरी पोचल्यावर आधी नीट झोपा, मॅडम.” इतक्या वेळात माझ्याशी माणसासारखं बोललेली ती पहिलीच.

भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर सिल्लोडकडचा होता. कुठून आलात, हे त्यानं विचारलं आणि मी खरं सांगितलं. त्यानं चारही काचा खाली केल्या. डिसेंबरच्या थंडीत आम्ही जालना असं कुडकुडत ओलांडलं. जिंतूरला कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके चिकटले होते. चहाच्या टपरीवर ड्रायव्हरनं माझी माहिती आधीच देऊन टाकली असावी. टपरीवाल्यानं कागदी पेला आणून गाडीपासून जरा दूर दगडावर ठेवला, चार पावलं मागं सरकला आणि म्हणाला, “घ्या बाई. आलं जास्तीचं टाकलंय, घशाला बरं.” मला रागही आला आणि हसूही. चहा मात्र अप्रतिम होता, हे लिहायलाच हवं.

जिंतूर सोडल्यावर काळी जमीन सुरू झाली. तूर शेंगांनी वाकलेली, ज्वारीला कणसं धरू लागलेली. डोळे भरून आले ते मी थंडीवर ढकललं.

गावाच्या वेशीशी गाडी थांबली. रमेश उभा होता, त्याच्यामागे बरीच माणसं. आप्पा नव्हते. मी उतरू लागले तसा रमेश म्हणाला, “अक्का, जरा गाडीतच बस. बोलणं चालू हाय.”

बोलणं माझ्याबद्दलच होतं आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं होतं. आमच्या शेताशेजारचा बालाजी तावातावानं म्हणत होता, “विमानंच बंद करायला पायजेत. मागच्या टायमालाबी बाहेरून आलता, आमी इथं बसून मेलो. माझा भाऊ गेला, तवाबी समदे मनत होते, काय होत न्हाई.”

“तपासून सोडलंय तिला,” रमेश म्हणाला.

“मंग पुन्यांदा तपासा कामून सांगितलं?”

सरपंचबाई म्हणाल्या, “पुण्याहून पायी आलेली आपली पोरं आपण शाळेत ठेवली होती. जेवण दिलं, पर घरात घेतलं न्हाई. हिला येगळा न्याय लावायचा न्हाई. कमीबी न्हाई आन जास्तबी न्हाई.” पण शाळा आता भरत होती. तिथं मला कसं ठेवणार?

तोडगा काढला तो गार्डकाकांनी. काका रेल्वेत गार्ड होते, पूर्णा जंक्शनवर त्यांचं आयुष्य गेलं. हल्ली शेती बघतात आणि सकाळी बुद्धविहारात वंदना घेतात. ते शांतपणे म्हणाले, “डब्यात बिघाडाची शंका आली की आमी गाडी रद्द करत नव्हतो. तेवढा डबा बाजूच्या रुळावर काढायचो. रमेश, तुमच्या आखाड्यावर ठेव हिला.” आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातलं घर: एक खोली, पत्रे, पुढे निंबाचं झाड, बाजूला विहीर. सगळ्यांना ते पटलं. बालाजीलाही.

मी फोन करून आप्पांना विचारलं, “तुम्ही काय म्हणता?”

“गाव मनतंय तसंच कर,” ते म्हणाले. “तिकडूनच शेतात जा.”

एवढंच. दोन वर्षांनी आलेल्या लेकीशी एवढंच. मी इतकी चिडले की आखाड्यावर पोचेपर्यंत बॅग स्वतःच ओढली आणि ढेकळांत तिचं एक चाक मोडून घेतलं.

पण आखाड्यावरचे दिवस वाईट गेले नाहीत, हे मी आज कबूल करते. रमेशची बायको, मंगलवहिनी, डबा आणून बांधावर ठेवायची. पहिल्या दिवशी मी हात धुऊन येईपर्यंत कुत्र्यानं भाकरी पळवली. तेव्हापासून डबा निंबाच्या फांदीला लटकू लागला. रात्री रमेश शेजारी गार्डकाकांच्या माळ्यावर (राखणीच्या मचाणावर) झोपायचा. पहाटे लांबून रेल्वेची शिट्टी यायची. काका रोज बांधावरून जाता जाता थांबायचे आणि तिकडची शेती विचारायचे. तिकडेही ज्वारी खातात म्हटल्यावर त्यांना फार समाधान वाटलं. “मंग ते आपलेच लोक हायत की,” म्हणाले.

आप्पा मात्र आले नाहीत. मी रोज विचारायची, वहिनी रोज नजर चुकवायची. दुसरी तपासणी झाली, आरोग्य केंद्राची माणसं बांधावर येऊन नमुना घेऊन गेली. अहवाल परभणीहून यायचा होता.

आणि मग गावाच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो आहोत. लोकांपासून दूर म्हणून मला शेतात ठेवलं होतं, आणि येळवस तोंडावर आली होती. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं. सगळी माणसं, म्हातारेकोतारे, पाहुणेरावळे, सगळे शेतात. म्हणजे वेगळं काढलेलं माणूस नेमकं जत्रेच्या मधोमध. वर्षानुवर्षं येळवस करणाऱ्या शहाण्या गावाला, गार्डकाकांसकट, हे सुचलंच नव्हतं. काका बांधावर कपाळाला हात लावून उभे राहिले. “अगं, मी डबा मेन लाइनीवरच काढला की,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

हसून प्रश्न सुटला नाही. संध्याकाळी बांधावर पुन्हा सभा भरली. अहवाल आला नव्हता. त्या दिवसापुरतं मला शाळेत नेऊन ठेवावं, गाव रिकामंच असेल, असं बालाजी म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी ओरडून सांगितलं, “नेताय तर न्या, माझी ना नाही.” आत मात्र तुटत होतं. शाळेत बसले तर आप्पांना शेतात कोण आणणार होतं? एवढ्या लांबून आले ती कशाला?

तेवढ्यात मंगलवहिनी घरून निरोप घेऊन आली. पदर सावरून म्हणाली, “मामंजींनी सांगितलंय, येळवशीला शेतात असलेलं माणूस शेतातून हलवायचं नसतं. ज्याला भ्या वाटतंय त्यानं आपला बांध सोडू नये.”

त्या दिवशी वाटसरूलाही जेवल्याशिवाय शेताबाहेर जाऊ देत नाहीत आमच्याकडे. बालाजीनंही मान हलवली.

येळवशीच्या सकाळी रमेशनं आखाड्यापुढे कडब्याच्या पेंढ्यांची कोप (खोपटं) उभी केली, चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड आत मांडले आणि बांधाकडे सरकला. वहिनीनं डोक्यावरची टोपली बांधावर उतरवली: भज्जी (ओल्या शेंगांचे दाणे आणि पालेभाज्या बेसनात रटरटवलेली भाजी), बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे), खीर, आणि बिंदग्यात (लहान मडक्यात) आंबील. मी तिच्या पलीकडे वाटेकडे बघत होते. वाट रिकामी होती.

मग तुरीच्या आडून पांढरी टोपी दिसली. आप्पा येत होते. हातात काठी, मध्ये मध्ये थांबून दम घेत. किती वाळले होते. मी धावले. “तिथंच,” ते म्हणाले, आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

ते बांधावर टेकले. शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, “पूजा तू कर. मी सांगतो.”

“मी?”

“मला तिकडं येता येत न्हाई. तुला इकडं येता येत न्हाई. मंग कोण करणार?”

पूजा आप्पाच करायचे, आई हाताशी सगळं द्यायची. मी पाणी सोडलं, हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला. आप्पा बांधावरून ओरडत होते: “आधी दिवा. घाई कामून करायलीस? गाडी चुकायली का तुझी?” त्यांचं ते रागावणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मग आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची होती. मी निंबाची डहाळी आंबिलीत बुडवून ज्वारीच्या कडेनं निघाले, आणि बघते तर आप्पा उठले होते. मी आतून, ते बांधावरून, असे आम्ही बरोबरीनं चालू लागलो. ते थांबले की मी थांबायची. असं करत आम्ही शेताची पूर्ण फेरी मारली.

जेवायला ते बांधावर बसले, मी निंबाखाली. मला राहवलं नाही. विचारलं, “आप्पा, इतके दिवस आला का नाहीत? माझी भीती वाटली?”

“तुझी कशाला वाटंल?” त्यांनी उंडा कुस्करला. “पर जवळ आलो असतो तर हात लावल्याबिगर राहवलं नसतं. मंग बालाजीला काय तोंड दावलं असतं?” मग म्हणाले, “तुझ्या आईला मला लांबूनबी बघाया मिळालं न्हाई. तू लांबून तर दिसायलीस. लय हाय.”

मी ताटात तोंड घालून रडले. भज्जी खारट झाली असेल, कळलं नाही.

दुपारी शेजारच्या शेतांतून लोक आले. कुणी बांध ओलांडला नाही, आणि कुणी रिकाम्या हातानं आलं नाही. बांधावर वाडग्यांची रांग लागली. शेवटी बालाजी आला, झाकलेलं पातेलं ठेवलं आणि म्हणाला, “अक्का, मी बोललो ते मागं घेत न्हाई. पर आमची भज्जी खाऊन बघ.” मी खाल्ली. ती आमच्यापेक्षा चांगली होती, हे वहिनीला अजून माहीत नाही.

पुढे अहवाल आला, चांगला आला, आणि मी घरी गेले. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मी निघेपर्यंत ते रोज सकाळी शेतात जात होते.

परतल्यावर शाळेत म्फो नावाच्या माझ्या सहकारी शिक्षिकेनं मला गाठलं. ती संतापलेली होती. “आमच्या लोकांनी व्हेरिएंट शोधून प्रामाणिकपणे जगाला सांगितला, आणि जगानं आमच्यावर दारं लावली,” ती म्हणाली. तिची बहीण परदेशात अडकून पडली होती, त्यामुळे तिचा राग मला कळत होता. बालाजीचाही कळला होता. या वादात कोण चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. दार लावणाऱ्यांच्या घरातही माणसं गेलेली असतात. पण दार लावल्यावर बाहेरच्या माणसाचं काय करायचं, हे मात्र मी बघून आले होते, आणि ते मला माझ्या गावानं दाखवलं, याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे.

“तुझ्या लोकांनी तुला काय केलं?” म्फोनं विचारलं.

“गावाबाहेर ठेवलं,” मी म्हटलं. “आणि जेवू घातलं.”

“आणि वडील?”

“वडील बांधावर बसून जेवले. माझ्याकडे बघत.”