दिवाळीनंतरचा पाठ

बी.एड.च्या आंतरवासितेसाठी शिरूर कासारजवळची एक जिल्हा परिषद शाळा माझ्या वाट्याला आली. सुरुवातीला मी रंगीत तक्ते काय केले, मुलांची नावं काय पाठ केली, विचारू नका. मग दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागल्या आणि सहावीचा वर्ग अर्ध्यावर आला. ज्यांना सांभाळायला घरी कुणी होतं किंवा ज्यांची टोळी अजून निघायची होती, तेवढी मुलं उरली.

तेव्हापासून माझं आत काहीतरी बंदच पडलं. वाईट वाटेना, बरंही वाटेना. उठायचं, साडीला पिन लावायची, फळ्यावर तारीख घालायची. कॉलेजचे सर फोनवर म्हणायचे, "उत्साह टिकवा." टिकवायला तो आधी असावा लागतो, हे त्यांना कोण सांगणार? मी ठरवून टाकलं होतं: सर पाठ बघायला येतील तो दिवस उरकायचा आणि नेकनूरला घरी जाऊन सांगायचं, मला हे जमणार नाही.

पाठ बघायला कुणी आलं की वर्ग रिकामा दिसून चालत नाही. मी पाचवीची मुलं आणून बसवली आणि आम्हा बी.एड.वाल्यांची नेहमीची युक्ती सगळ्यांना शिकवली. प्रश्न विचारला की प्रत्येकाने हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. सर मागच्या बाकावर बसले. हात भराभर वर गेले, मी उजवे तेवढे निवडले. पाठ झकास झाला. सर तोंडभरून बोलले, आणि मला वाटलं, हे भलत्याच कुणाचं तरी कौतुक चाललंय.

शाळा सुटल्यावर सहावीतली एक हुशार मुलगी तक्ते गुंडाळायला थांबली. सगळा तास तिने डावाच हात वर केला होता. मी कारण विचारलं.

"आमची टोळी उद्या निघाली, मॅडम. ज्यांना हितंच राह्यचं हाय, त्यांनी बोलावं म्हणलं." मग तिनेच विचारलं, "गुढीपाडव्याला आमी येऊ, तवा तुमी असताल का?"

"नाही गं. माझे दिवस तोवर संपतील. मग दुसऱ्या मॅडम येतील."

तिने जरा विचार केला. "मंजी तुमची बी टोळीच हाय की. मागं बसलेले सर मुकादम का?"

"हो," मी म्हटलं.

"मंग अर्ध्यात सोडून जाऊ नका बरं. मागं राह्यलेल्यांवर लई काम पडतं."

एवढं बोलून तिने तक्ते कपाटात ठेवले आणि ती गेली. त्या संध्याकाळी मी नेकनूरची गाडी धरली नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना, ती नाही हे माहीत असूनही मी तिचं नाव पुकारलं. आणि मला वाईट वाटलं. इतक्या दिवसांनी काहीतरी वाटलं, म्हणून खरं सांगते, मला बरंही वाटलं.